जोशी सर, सर डेव्हिड आणि सर रतन टाटा

ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा गेले, त्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर श्रद्धांजलीच्या संदेशांची रीघ लागली होती. निम्म्या संदेशांत 'सर रतन टाटा' असं लिहिलेलं. माझी भाची एरवी ग्रुपवर फक्त अंगठा दाखवते. तिने त्या दिवशी विचारलं, "मामा, हे सर म्हणजे आपण जोशी सर म्हणतो तसलं, की इंग्लंडच्या राणीने दिलेलं?" कोणीतरी लगेच 'सर रतन टाटा ट्रस्ट' या नावाचा फोटो टाकला. पुरावाच मिळाला म्हटल्यावर वाद मिटला असं सगळ्यांना वाटलं.

ट्रस्टचं नाव बरोबर आहे. पण ज्यांच्या नावाने तो ट्रस्ट आहे ते रतन टाटा १९१८ सालीच वारले. हे आपले रतन टाटा कधीच 'सर' नव्हते, आणि त्यांना ब्रिटनने सन्मान दिला होता, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे भाचीला समजावताना माझा एक अख्खा रविवार गेला. तिला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लावून लिहितोय. वर्षातून दोनदा, नव्या वर्षाच्या तोंडावर आणि जूनमध्ये, ब्रिटनची यादी येते, आपल्या वर्तमानपत्रांत 'अमुक यांना नाइटहूड' अशी चौकट छापून येते, आणि दर वेळी तोच घोळ होतो.

नावाच्या पुढे काय, मागे काय

डॉक्टरांच्या दवाखान्याची पाटी आठवा. नावाच्या पुढे 'डॉ.' असतं आणि मागे 'एमबीबीएस, एमडी' अशी अक्षरं. पुढचा शब्द आपण हाक मारताना वापरतो. मागची अक्षरं फक्त पाटीवर राहतात. 'या एमडी, बसा' असं कोणी म्हणत नाही.

ब्रिटिश सन्मानांचंही असंच आहे. काही सन्मान नावापुढे शब्द लावतात: पुरुषाला 'सर', बाईला 'डेम'. बहुतेक सन्मान मात्र नावामागे फक्त अक्षरं देतात. हा पुढचा-मागचा फरक पक्का लक्षात ठेवला की बाकीचा गुंता बराचसा आपोआप सुटतो.

ही अक्षरं येतात 'ऑर्डर'वरून. इथे ऑर्डर म्हणजे हुकूम नाही आणि हॉटेलातली ऑर्डर तर नाहीच. देवस्थानाचे जसे ठरलेले मानकरी असतात, तसं राजाने नेमलेल्या मानकऱ्यांचं हे मंडळ. प्रत्येक मंडळाचं ब्रीदवाक्य वेगळं, पदक वेगळं, फितीचा रंगसुद्धा वेगळा. सगळ्यात मोठं आणि आपल्या कानावर सतत पडणारं मंडळ म्हणजे 'ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर'. पाचव्या जॉर्जने ते १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना काढलं. तोवरची मंडळं सेनापती, मुत्सद्दी, उमराव यांच्यापुरती होती. युद्धात कारखाने, इस्पितळं, मदतकेंद्रं चालवणाऱ्या हजारो सामान्य माणसांना, आणि बायकांनाही, द्यायला सरकारजवळ काही नव्हतं. म्हणून हे नवं मंडळ.

त्याच्या पाच पायऱ्या आहेत. खालून वर एमबीई, ओबीई, सीबीई, मग केबीई आणि सगळ्यात वर जीबीई. बाईला चौथ्या पायरीवर केबीईऐवजी डीबीई मिळते. 'सर' किंवा 'डेम' फक्त वरच्या दोन पायऱ्यांवर. खालच्या तिन्ही पायऱ्यांवर नावामागे अक्षरं, बस्स. एमबीईच्याही खाली एक साधं पदक आहे. गावात वर्षानुवर्षं ग्रंथालय चालवणारी बाई, नदीत बुडणाऱ्यांसाठी बोट घेऊन धावणारा कोळी, अशा लोकांना ते मिळतं. यादीतली बहुसंख्य नावं अशा खालच्या पायऱ्यांवरच्या, आपण कधी न ऐकलेल्या माणसांची असतात. चौकट मात्र फुटबॉलपटूची छापून येते.

डेव्हिड बेकहॅमचंच घ्या. २००३ साली त्याला ओबीई मिळाली. त्यानंतर बावीस वर्षं त्याच्या नावामागे तीन अक्षरं होती आणि पुढे काही नव्हतं. जून २०२५ च्या यादीत त्याला नाइटहूड मिळालं आणि तो 'सर डेव्हिड' झाला. ओबीई मिळाल्यावर 'सर' म्हणणं म्हणजे कंपाउंडरला डॉक्टर म्हणण्यासारखं आहे. गावाकडे म्हणतात तसं, पण पाटीवर लिहीत नाहीत.

बाकीच्या मंडळांबद्दल थोडक्यात. गार्टर हे सगळ्यात जुनं, १३४८ सालचं, मानकरी फक्त चोवीस. स्कॉटलंडचं थिसल, त्यात सोळा. वरिष्ठ नोकरशहा आणि लष्करी अधिकाऱ्यांसाठी बाथ. २०२४ मध्ये पंतप्रधान झालेले कीअर स्टार्मर याच मंडळामुळे 'सर' आहेत, सरकारी वकिलांचे प्रमुख होते त्या कामासाठी. राजदूतांसाठी सेंट मायकेल आणि सेंट जॉर्ज. या शेवटच्या मंडळाच्या तीन पायऱ्यांवर, सीएमजी, केसीएमजी आणि जीसीएमजी, तिथल्या नोकरशहांनीच विनोद करून ठेवलाय. पहिली म्हणजे 'कॉल मी गॉड', दुसरी 'काइंडली कॉल मी गॉड' आणि तिसरी 'गॉड कॉल्स मी गॉड'. मंत्रालयात लिफ्टसाठी ताटकळलेल्या कोणालाही हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

आणि एक प्रकार असा, ज्यात मंडळच नाही. 'नाइट बॅचलर'. हा सगळ्यांत जुना, मंडळं निघायच्याही आधीचा. नट, शास्त्रज्ञ, खेळाडू, न्यायाधीश यांना बहुतेक वेळा हेच मिळतं. बॅचलरचा अविवाहित असण्याशी काही संबंध नाही.

नाइट म्हणजे शेवटी कोण?

देवनागरीत 'नाइट' लिहिलं की रात्रच डोळ्यापुढे येते, त्याला इलाज नाही. मूळचा नाइट म्हणजे चिलखत घालून घोड्यावरून लढणारा. मराठी माणसाला हे समजायला शिलेदार आठवला की पुरे. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं. नाइटही तसाच. राजाने किंवा सरदाराने जमीन द्यायची, त्या उत्पन्नावर त्याने घोडा-हत्यार पोसायचं आणि बोलावणं आलं की हजर व्हायचं. तोफा-बंदुका आल्या, पगारी फौजा उभ्या राहिल्या, घोडा गेला, चिलखत संग्रहालयात गेलं. मान तेवढा उरला. हंसाजी मोहित्यांना शिवाजी महाराजांनी 'हंबीरराव' हा किताब दिला आणि पुढे मूळ नाव इतकं मागे पडलं की आज शाळेतल्या मुलाला हंसाजी कोण म्हणून विचारलं तर तो गडबडेल. किताब नावाला कसा चिकटतो हे आपल्याला नवीन नाही.

जाता जाता एक. 'सर' हा इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या 'वडीलधारा' या अर्थाच्या शब्दावरून आलाय. आपल्या सरदार, सरनोबत, सरसेनापतीमधला 'सर' फारसी आहे, त्याचा अर्थ डोकं. दोघांचा काही संबंध नाही, पण कानाला जवळचे वाटतात, आणि इंग्रजांच्या काळात आपल्या लोकांनी तो शब्द इतक्या सहज उचलला त्याचं एक कारण हेही असेल, असं आपलं मला वाटतं.

सर बेकहॅम का म्हणायचं नाही?

आपण 'जोशी सर' म्हणतो. आडनाव आधी, सर मागून. ब्रिटिश पद्धत बरोबर उलटी आहे. सर आधी आणि लगेच पहिलं नाव. 'सर डेव्हिड' चालतं, 'सर डेव्हिड बेकहॅम' चालतं, 'सर बेकहॅम' कधीच चालत नाही. आपल्या वाहिन्या मात्र हमखास तेच म्हणतात.

गंमत अशी की हा नियम शिकायला लंडनला जावं लागत नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत जा. तिथे 'सर भालचंद्र रोड' आहे. डॉ. भालचंद्र कृष्ण भाटवडेकरांच्या नावाचा. सर भाटवडेकर रोड नाही. फोर्टातला 'सर पी. एम. रोड' म्हणजे सर फिरोजशहा मेहता. पुण्याचं एस. पी. कॉलेज म्हणजे सर परशुरामभाऊ. तिथे शिकलेल्या कित्येकांना आपल्या कॉलेजातला 'एस' सर आहे हे माहीतच नसतं.

बायकोचं काय? नाइटच्या बायकोला 'लेडी' म्हणतात आणि तिच्याबाबतीत आडनाव लागतं: सर डेव्हिड, पण लेडी बेकहॅम. दादर-माहीमच्या माणसाला हेही रोज भेटतं. एल. जे. रोड म्हणजे लेडी जमशेटजी रोड. माहीमचा कॉजवे बांधायला ज्यांनी पैसे दिले त्या आवाबाई. त्यांच्या नवऱ्याला, जमशेटजी जिजीभाईंना, १८४२ मध्ये नाइटहूड मिळालं. हिंदुस्थानी माणसाला मिळालेलं ते पहिलं. त्यामुळे आवाबाई 'लेडी' झाल्या. पूल यांच्या पैशाचा, लेडी मात्र नवऱ्यामुळे.

बाईला स्वतःच्या कर्तृत्वावर 'डेम' मिळाली तर नवऱ्याला काय मिळतं? काही नाही. तो मिस्टरच राहतो. यावर अधूनमधून तक्रारी होतात, पण अजून तरी डेमच्या नवऱ्यासाठी कोणी शब्द शोधलेला नाही.

जमशेटजींचीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नाइटहूड माणसाबरोबर संपतं, मुलाकडे जात नाही. पण १८५७ मध्ये जमशेटजींना 'बॅरोनेट' केलं गेलं. बॅरोनेट हा नाइट नसतो आणि लॉर्डही नसतो. वतनासारखा वंशपरंपरेने चालणारा 'सर' म्हणजे बॅरोनेट. पहिल्या जेम्स राजाने १६११ साली पैसा उभा करायला हा प्रकार काढला. जिजीभाई घराण्यासाठी तर १८६० मध्ये खास कायदा झाला: जो कोणी वारस बॅरोनेट होईल त्याने 'जमशेटजी जिजीभाई' हेच नाव धारण करायचं. आईबापांनी बारशाला काहीही ठेवलेलं असो. किताबाने नाव गिळण्याचा यापेक्षा पक्का बंदोबस्त मी तरी कुठे पाहिला नाही.

मग रतन टाटांचं काय झालं?

आता मूळ भांडणाकडे येऊ. जमशेटजी टाटांचे दोन मुलगे. थोरले दोराबजी, यांना १९१० साली नाइटहूड मिळालं. धाकटे रतन, यांना १९१६ साली. ट्रस्ट या धाकट्या रतन टाटांच्या नावाचा. त्यांच्या पत्नी नवाजबाई पुढे लेडी टाटा म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांनी दत्तक घेतलेले नवल टाटा, आणि नवल यांचे चिरंजीव म्हणजे आपल्याला माहीत असलेले रतन टाटा. म्हणजे नातवाला आजोबांचं नाव, आपल्याकडे घरोघरी असतं तसं. सगळा घोळ तिथून सुरू झाला. (ज्यांनी हे सगळं उभं केलं त्या जमशेटजी टाटांच्या नावाआधी मात्र सर नाही. कोणाला चुकल्यासारखंही वाटत नाही.)

नातू रतन टाटांना ब्रिटनने २००९ मध्ये केबीई दिली आणि २०१४ मध्ये जीबीई, म्हणजे सगळ्यात वरची पायरी. वर सांगितलं की वरच्या दोन पायऱ्यांवर 'सर' लागतं. मग लागलं का नाही? कारण त्यांचा सन्मान 'ऑनररी', मानद होता. ब्रिटनचा राजा ज्यांचा राजा नाही, अशा देशाच्या नागरिकाला अक्षरं मिळतात, पदक मिळतं, 'सर' मिळत नाही. दोराबजी आणि आजोबा रतन हे ब्रिटिश राजाचे प्रजाजन होते. नातू रतन प्रजासत्ताक भारताचे नागरिक होते. बिल गेट्स २००५ पासून मानद केबीई आहेत, त्यांनाही कोणी सर बिल म्हणत नाही. २०२४ मध्ये सुनील मित्तलांना मिळाली तीही मानदच.

मुंबईत जन्म झाला म्हणून अडतं असं नाही. सलमान रश्दी आणि अनिश कपूर दोघेही मुंबईत जन्मलेले, पण ब्रिटिश नागरिक. म्हणून एक २००७ पासून सर सलमान, दुसरे २०१३ पासून सर अनिश. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. अमेरिकन नागरिक असताना, १९६५ साली, त्यांना मानद केबीई मिळाली. वीस वर्षांनी त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं आणि ते सर यहुदी झाले. माणूस तोच, व्हायोलिन तेच, पासपोर्ट तेवढा बदलला.

राजा ठरवतो की सरकार?

पदक राजा देतो, नावं बहुतेक सरकारी यंत्रणा ठरवते. कोणीही कोणाचंही नाव सुचवू शकतं. अर्ज भरायचा, सोबत ओळखीच्या माणसांची शिफारसपत्रं जोडायची. मग क्षेत्रवार समित्या बसतात, कला, क्रीडा, विज्ञान, समाजसेवा वगैरे. त्यांच्या वर मुख्य समिती, तिच्यानंतर पंतप्रधान आणि शेवटी राजा. या सगळ्याला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. मधल्या काळात करखात्यालाही विचारतात, या माणसाने कर नीट भरलाय ना. मग एक गोपनीय पत्र येतं: तुम्हाला असा सन्मान देण्याचा विचार आहे, दिला तर घ्याल का? आपल्याकडे मुलगी बघायला जाण्याआधी मध्यस्थ जशी चाचपणी करतो तसंच. नंतर नकार आला तर सगळ्यांचीच पंचाईत. होकार आला की नाव 'लंडन गॅझेट'मध्ये छापलं जातं. १६६५ पासून निघणारं हे सरकारी राजपत्र.

गार्टर, थिसल, 'ऑर्डर ऑफ मेरिट' आणि राजघराण्याच्या सेवेसाठीचं व्हिक्टोरियन मंडळ, हे चार सन्मान मात्र राजाच्या स्वतःच्या मर्जीतले. २०२२ च्या सुरुवातीला टोनी ब्लेअर यांना गार्टर मिळाला तेव्हा इराक युद्धाचा राग असलेल्या दहा लाखांवर लोकांनी विरोधाच्या अर्जावर सही केली. पण तिथे जाब विचारायचा तर राणीलाच विचारावा लागला असता.

समारंभ मात्र बघण्यासारखा असतो. बकिंगहॅम राजवाड्यात किंवा विंडसरला, एका दिवसात साठेक माणसं. आत शिरल्यावर प्रत्येकाच्या कपड्यावर छातीपाशी एक छोटा आकडा लावतात, म्हणजे राजाला पिनेशी झटापट न करता पदक नुसतं अडकवता येतं. व्यासपीठावर गुरखा अधिकारी उभे असतात. ही रीत व्हिक्टोरिया राणीपासूनची. नाइट होणाऱ्यासाठी मखमली गादीचं एक बुटकं आसन असतं, त्यावर उजवा गुडघा टेकायचा. राजा तलवारीचं पातं आधी उजव्या खांद्याला लावतो, मग डाव्या. तलवार सहाव्या जॉर्जची, त्यांच्या लष्करी दिवसांतली. सिनेमात दाखवतात तसं 'ऊठ, सर अमुक' असं कोणी म्हणत नाही. माणूस आपला आपण उठतो. दोन शब्द बोलणं होतं आणि राजाने हात पुढे केला की समजायचं, वेळ संपली. डेमला तलवार लावत नाहीत, तिला थेट पदक.

पैसे टाकून मिळतं का?

हा प्रश्न माझ्या भाचीने सगळ्यांत आधी विचारला होता. मी मुद्दाम मागे ठेवला.

एके काळी मिळायचं, आणि दर ठरलेले होते. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या काळात, पहिल्या महायुद्धानंतर, मॉन्डी ग्रेगरी नावाचा दलाल हा धंदा करायचा. नाइटहूड दहा हजार पौंडांच्या आसपास, बॅरोनेट व्हायचं तर तीस-चाळीस हजार. इतका गवगवा झाला की १९२५ मध्ये संसदेला सन्मानांची विक्री हा गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. त्या कायद्याखाली आजवर शिक्षा झालेला माणूस एकच: १९३३ साली, हाच ग्रेगरी. धंदा बंद झाल्यावरही त्याला मोह आवरला नव्हता.

आता दर नाहीत. पण पक्षाला मोठी देणगी देणाऱ्यांची नावं यादीत दिसतात आणि दर वेळी भुवया उंचावतात. २००६-०७ मध्ये ब्लेअर पंतप्रधान असताना पोलीस चौकशीसुद्धा झाली, खटला मात्र कोणावर भरला गेला नाही. त्यातून, पायउतार होणाऱ्या पंतप्रधानाला जाता जाता स्वतःची एक यादी देता येते. गोलंदाज जेम्स अँडरसन २०२५ मध्ये सर झाला तो ऋषी सुनक यांच्या अशाच यादीतून. अँडरसनबद्दल कोणाची तक्रार असायचं कारण नाही; सातशेच्या वर कसोटी बळी आहेत त्याचे. पण अशा यादीत एक अँडरसन असतो आणि त्याच्या आडोशाला पक्षातले सल्लागार, मदतनीस, माजी सहकारी असतात. आमदारकीच्या यादीत एखादा कवी घालतात तसंच.

दिलेलं काढून घेतात का?

घेतात. रॉबर्ट मुगाबेंचा मानद सन्मान २००८ मध्ये रद्द झाला, बुडालेल्या बँकेचे प्रमुख फ्रेड गुडविन यांचं नाइटहूड २०१२ मध्ये. अलीकडचं प्रकरण पोस्ट ऑफिसचं. संगणकप्रणालीच्या चुकीमुळे हिशेबात तूट दिसली आणि नऊशेहून जास्त पोस्टचालकांना चोर ठरवलं गेलं. त्या पोस्टाच्या माजी प्रमुख पॉला व्हेनेल्स यांनी जानेवारी २०२४ मध्ये आपली सीबीई परत करते म्हणून जाहीर केलं. पण परत करणं आपल्या हातात नसतं. पदक पोस्टाने पाठवता येतं, नोंदीतलं नाव फक्त राजाच काढू शकतो. ते त्याने पुढच्या महिन्यात काढलं. जॉन लेननने १९६९ मध्ये एमबीईचं पदक राजवाड्यावर परत पाठवलं, ते नुसतंच पदक.

मेलेल्या माणसाचं काय? जिमी सॅविल या दूरचित्रवाणीवरच्या निवेदकाने मुलांवर केलेले अत्याचार त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले. त्याचं नाइटहूड काढा अशी मागणी झाली. उत्तर मिळालं की ते काढायला शिल्लकच नाही. सन्मान माणसाबरोबर संपतो. कायद्याने बरोबर असलेलं, पण कोणाचंच समाधान न करणारं उत्तर.

नाही म्हटलं तर?

म्हणतात की. चित्रकार लॉरी यांनी पाच वेळा नाही म्हटलं. डेव्हिड बोवीने २००३ मध्ये नाइटहूड नाकारलं. त्याच वर्षी कवी बेंजामिन झेफनाया यांनी ओबीई नाकारली, कारण त्यातल्या 'ई'चा अर्थ एम्पायर. साम्राज्य उरलं नाही, मंडळाचं नाव तेच आहे. २००४ मध्ये एका संसदीय समितीने सुचवलं की एम्पायरच्या जागी 'एक्सलन्स' घाला, म्हणजे अक्षरं तीच राहतील आणि लेटरहेड बदलावी लागणार नाहीत. मला ही युक्ती फार आवडली होती. सरकारला आवडली नाही.

आपल्याकडची उदाहरणं याहून ठसठशीत आहेत. रवींद्रनाथ टागोरांना १९१५ मध्ये मिळालेला 'सर' त्यांनी जालियनवाला बागेनंतर, १९१९ च्या मे महिन्यात, व्हाइसरॉयला पत्र लिहून झिडकारला. गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे १९०४ पासून 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर' या मंडळाची सीआयई होती, म्हणजे नावामागची अक्षरं. १९१४ मध्ये पुढची पायरी, केसीआयई, देऊ केली गेली. ती घेतली असती तर ते 'सर गोपाळ' झाले असते. अक्षरं त्यांनी चालवून घेतली, शब्द घेतला नाही. आपण त्यांना नामदार गोखले म्हणत आलो. रा. गो. भांडारकरांनी केसीआयई घेतली आणि ते सर झाले, पण पुण्यात कोणालाही विचारा, ते डॉक्टर भांडारकरच. र. पु. परांजपेही पुढे सर झाले, पण केंब्रिजला गणितात पहिले आल्यामुळे मिळालेलं 'रँग्लर' मराठी माणसाने त्यांच्या नावापुढून कधी हलू दिलं नाही.

म्हणजे आपल्या पद्म पुरस्कारांसारखंच ना?

नाही, आणि फरक पुन्हा त्याच पुढच्या-मागच्याचा आहे. राज्यघटनेच्या १८व्या कलमाने किताब बंद केले. परदेशी सरकारचा किताबही भारतीय नागरिकाला घेता येत नाही. रावबहादूर, रावसाहेब, खानबहादूर तिथेच संपले. मग भारतरत्न आणि पद्मश्री हे किताब नाहीत का, असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हे किताब नव्हेत, पुरस्कार आहेत, पण नावाच्या पुढे किंवा मागे लावायचे नाहीत. लावले तर पुरस्कार परत घेता येईल. आता पुढच्या लग्नपत्रिकेवर किंवा चौकातल्या फ्लेक्सवर 'पद्मश्री अमुकतमुक' दिसलं की बघा.

आणि व्हिव्ह रिचर्ड्स?

भाचीचा नवरा क्रिकेटवेडा. त्याने शेवटी हे काढलं. ब्रॅडमन, सोबर्स, बोथम, कुक हे सर लंडनहून आले. रिचर्ड्सचा सर मात्र त्याच्या स्वतःच्या देशाने, अँटिग्वाने, १९९९ मध्ये दिलेला. राजा तोच, सन्मानांची पद्धत वेगळी. कर्टली अँब्रोज, अँडी रॉबर्ट्स आणि रिची रिचर्डसन यांनाही २०१४ मध्ये तिथूनच मिळाला. न्यूझीलंडने सर बंद केले आणि २००९ मध्ये पुन्हा सुरू केले. ऑस्ट्रेलियात टोनी अ‍ॅबट यांनी २०१४ मध्ये पुन्हा सुरू केले, आणि २०१५ च्या जानेवारीत ज्याला नाइट केलं तो माणूस निघाला राणीचा नवरा, प्रिन्स फिलिप. देशभर इतकं हसू झालं की त्याच वर्षी पुढच्या पंतप्रधानांनी सगळं गुंडाळून ठेवलं.

"बरं मामा," जावई म्हणाला, "मग सर जडेजा?"

तो धोनीच्या ट्विटरवरून गाजला. लंडन गॅझेटात नोंद नाही, पण पहिल्या नावाचा नियम तिथेही मोडलाय. नियमाने 'सर रवींद्र' व्हायला हवं.